तीन फ्लॉप्या आणि रघुकाकांची लूना

सपोर्टच्या धंद्यात किस्से शोधावे लागत नाहीत. गिऱ्हाइकाकडे कॉम्प्युटर आला की आठवड्याभरात किस्सा आलाच! आमच्या ऑफिसात जिन्याखाली मेलेले कीबोर्ड साठायचे, तसे हे माझ्या डोक्यात साठत गेले. कीबोर्ड निदान भंगारवाला न्यायचा. हे कोण नेणार? म्हणून चार मित्र बसले की मी सुरू होतो.

आज सांगतोय ते सगळे एकाच महिन्यातले. हसायचं तिथे हसा, पण त्या महिन्यात मला स्वतःला फारसं हसू येत नव्हतं, हे आधीच सांगून ठेवतो.

इंदुरात मिलचे भोंगे एकेक करून बंद पडत होते आणि गल्लोगल्ली कॉम्प्युटरच्या पाट्या लागत होत्या, तो काळ. राजवाड्याच्या मागे एका होलसेल दुकानाच्या माडीवर आमचं ऑफिस. पार्टनर दोन. मी अवी, आणि मिलिंद. मिलिंद महूचा. आजोबा फौजेत, वडील फौजेत, त्यामुळे घरात दोन गोष्टींना सक्त मनाई: उशिरा उठणं आणि खोटं बोलणं. गिऱ्हाइकाने विचारलं, "मशीन कब ठीक होगी?" की मी म्हणायचो, "बस, हो गई समझो!" मिलिंद म्हणायचा, "पता नहीं." म्हणून गिऱ्हाईक सांभाळायचं खातं माझ्याकडे आणि मशीन सांभाळायचं त्याच्याकडे.

तिसरे रघुकाका. तीस वर्षं मिलमध्ये जॉबर, म्हणजे लूम, कापड विणायचा माग, बिघडली की तिला परत चालती करणारा माणूस. माझे वडील त्याच मिलच्या टाइम ऑफिसात क्लार्क. मिलला कुलूप लागलं तेव्हा 'उद्यापासून कामावर येऊ नये' ही गेटवर लागलेली नोटीस वडिलांनीच टाइप केली होती. त्यानंतर कितीतरी दिवस ते काकांच्या घरावरून जायचं टाळायचे, लांबच्या रस्त्याने यायचे. मी ऑफिस काढलं तसं पहिल्यांदा काकांना बोलावलं. पन्नाशी उलटलेला माणूस महिन्याभरात कॉम्प्युटर उघडायला शिकला. म्हणायचा, "अरे, याच्यात तर ग्रीसपण नाही लागत!"

लूमच्या खडखडाटाने काकांना ऐकू कमी यायचं. आम्ही ओरडून सांगायचो, ते मान डोलवायचे, लूनाला पिशवी अडकवून निघायचे. इंदुरात कुठेही कॉम्प्युटर बंद पडला की अर्ध्या तासात काका हजर.

* * *

एकदा साड्यांच्या होलसेल दुकानातून सेठजींचा फोन. "भिया, कंप्यूटर मर गया! बिलकुल मर गया!"

काका भर दुपारी लूना मारत गेले. दहा मिनिटांत परत आले. मिलिंदने विचारलं, "काय झालं होतं?"

काका म्हणाले, "झाडू मारताना स्टॅबिलायझरचं बटण दबलं होतं. मी परत दाबलं."

दुसऱ्या दिवशी राऊला. तिथेही तसंच. तिसऱ्या दिवशी पार सांवेर रोडला. मिलिंदने वहीत या खेपांचा हिशेब मांडला आणि मला काचेच्या केबिनमध्ये बोलावलं. त्या काळी कॉम्प्युटरला धूळ लागू नये म्हणून काचेची केबिन असायची, बूट बाहेर काढून आत जायचं. काका बाहेर बाकावर बसून प्रिंटर साफ करत होते. मिलिंदने दार लावलं.

म्हणाला, "अवी, आता असं सॉफ्टवेअर आलंय की इथे बसून तिथला कॉम्प्युटर चालवता येतो. दोन्हीकडे मोडेम लावायचा, फोन जोडायचा, त्यांची स्क्रीन आपल्या स्क्रीनवर. दिल्लीहून मी तीन मागवलीत. तिन्ही तीस दिवस फुकट."

"मग तर छानच!"

"गौतमपुऱ्याच्या पटेलसाहेबांची चार कोल्ड स्टोरेज आहेत. त्यांना सपोर्ट अर्ध्या तासाच्या आत पाहिजे. लूनावर तिथे पोचायलाच दीड तास. सॉफ्टवेअर चाललं तर चारही आपली, नाही तर ऑफिस बंद करायचं." मिलिंदने वही मिटली. "आणि चाललं, तर अपनको तिसरा माणूस लागणार नाही."

मी काचेतून बाहेर पाहिलं. काकांची नजर आमच्याकडेच होती. माझ्याशी नजरानजर होताच ते परत प्रिंटर पुसायला लागले.

"काकांना तू सांग," मिलिंद म्हणाला. "ते तुझ्याकडचे आहेत."

म्हणजे 'उद्यापासून येऊ नका' हे त्या माणसाला आमच्याच घरातून दुसऱ्यांदा! मी म्हटलं, "सांगतो, सांगतो. आधी चालू तर दे."

* * *

तिन्ही सॉफ्टवेअर फ्लॉप्यांवर आली होती. एक निळी, एक हिरवी, एक पांढरी. नावं इंग्रजी आणि लांबलचक होती, म्हणून आम्ही रंगच धरले. गंमत अशी की फ्लॉपी गिऱ्हाइकाकडे जाऊन टाकणार कोण? रघुकाका! खिशात फ्लॉपी घालून रोज निघायचे. मला ते बघवत नव्हतं.

निळी आधी साड्यांच्या दुकानात लावली. मिलिंदने इथून फोन जोडला. मोडेम किंचाळला, खरखरला, स्क्रीनवर दुकानाची स्टॉकची यादी ओळ ओळ करत उतरायला लागली. मिलिंदचे डोळे चमकले. आणि अर्ध्यावर कनेक्शन तुटलं.

परत जोडलं. परत तुटलं. चार वेळा जोडलं, चार वेळा तुटलं. मिलिंदच्या कपाळावर आठ्या. मॅन्युअल काढलं, केबल बदलली, मोडेम बदलला. पाचव्यांदा तुटल्यावर ऑफिसातला फोन वाजला.

"भिया, हमारा फोन खराब हो गया है," सेठजी कळवळून सांगत होते. "सुबह से जब भी उठाता हूँ, अंदर कोई चीख रिया है! मैंने पाँच बार पूछा, कौन हो भाई, क्या तकलीफ है? जवाब ही नी देता!"

दुकानाच्या त्याच लाइनवर गल्ल्याशेजारी दुसरा फोन होता. सेठजी सकाळपासून आमच्या मोडेमची विचारपूस करत होते!

निळी थोड्या खरखरीनेही तुटते, हे कळलं. मिलिंदने भिंतीवर तक्ता लावला होता, त्यात निळीपुढे फुली मारली. तीस दिवसांतले नऊ गेले.

* * *

हिरवी राऊच्या एका कॉलेजच्या ऑफिसात. तिथे पानसे मॅडम. शिस्तीच्या. त्यांच्या टेबलावरचा पेपरवेटसुद्धा विचारल्याशिवाय हलायचा नाही.

परीक्षा दुसऱ्या दिवशी, आणि प्रवेशपत्रांची फाइल उघडत नव्हती. कॉलेजातून क्लार्कचा फोन आला. मिलिंद म्हणाला, "आता खरी टेस्ट!" क्लार्कला मोडेम चालू करायला सांगितलं आणि हिरवी जोडली. रंगीत स्क्रीन आली, पण गोगलगायीच्या चालीने. मिलिंद जपून बाण सरकवत फाइलपाशी पोचला. फाइल दुरुस्त करायची तर आधी खराब भाग काढायला हवा होता. त्याने बाण 'डिलीट'वर नेला.

बाण मागे आला.

मिलिंदने परत नेला. बाण परत मागे! मिलिंदने माउस घट्ट धरून डावीकडे नेला, बाण हिसडा मारून उजवीकडे पळाला. अशी पाच मिनिटं रस्सीखेच चालली. मिलिंदला घाम फुटला. "अवी, सॉफ्टवेअरमध्ये काहीतरी आहे! माझं ऐकत नाही!"

आणि स्क्रीन गेली. लगेच फोन. पानसे मॅडम धापा टाकत बोलत होत्या.

"अवी, लवकर कुणाला तरी पाठव! तुमच्या मशीनमध्ये कोणीतरी घुसलं होतं. माझ्या डोळ्यांसमोर पोरांची प्रवेशपत्रं पुसून राहिलं होतं! मी हात धरला त्याचा, पण सोडायलाच तयार नाही."

"मग?"

"मग काय? त्या किंचाळणाऱ्या डब्यातली फोनची वायरच खेचून काढली! आता घुसून दाखव म्हणावं!"

क्लार्क फोन करून चहाला गेला होता, आणि मॅडमना कुणी काही सांगितलंच नव्हतं. मी मिलिंदकडे पाहिलं. त्याचा चेहरा हेडमास्तरने पकडलेल्या पोरासारखा झाला होता. रघुकाका लूनावर राऊला गेले, मॅडमना समजावलं, फाइल संध्याकाळपर्यंत उघडून दिली. दुसऱ्या दिवशी परीक्षा झाली. हिरवीपुढे फुली. राहिले अकरा दिवस.

* * *

पांढरी चांगली निघाली. खरखर सोसायची, चाल बरी होती. पण कधी लागायची, कधी नाही, त्याचं गणित मिलिंदला सापडत नव्हतं. लागायची नसली तर दोन दोन मिनिटं वाट बघायला लावून मग नाही म्हणायची.

एका सकाळी मिलिंद फोन जोडत होता, मोडेम किंचाळत होता. काका शेजारी बसून केबल सोलत होते. मान वर न करता म्हणाले, "सोड. नाही लागणार."

दोन मिनिटांनी नाहीच लागली.

मिलिंदने परत जोडली. "ही?"

काका जरा थांबले. "ही लागेल. पण टिकणार नाही."

लागली. चौथ्या मिनिटाला तुटली!

मिलिंद हट्टाला पेटला. दिवसभरात वीसदा फोन जोडला आणि काकांचं म्हणणं वहीत लिहिलं. वीसपैकी एकोणीसदा काका बरोबर. विसाव्या वेळी लाइन नव्हे, वीज गेली होती.

"काका, तुम्हाला तर ऐकू येत नाही ना?" मी ओरडून विचारलं.

"माणसांचं कमी येतं. मशीनचं पूर्ण येतं," काका म्हणाले. "अरे, एका वेळी चाळीस लूम चालायच्या. धागा तुटायच्या आधी लूमचा आवाज बदलतो. तुटल्यावर धावला तो कसला जॉबर? ह्या डब्याचंपण तसंच आहे. सुरात किंचाळला तर लाइन साफ. मधेच घसा बसला तर तार कुठेतरी भिजलीय."

मिलिंदने भिंतीवरच्या तक्त्यात एक रकाना वाढवला. स्पीड, लाइन, किंमत, आणि शेवटी: काका.

मी केबिनमध्ये त्याला म्हटलं, "मग आता?"

"आता काय? रकाना आहे, पोस्ट नाही," मिलिंद म्हणाला. "पटेलसाहेबांना इथून बसून चालवून दाखवायचंय. चाललं की चाललं. तू सांगितलंस का काकांना?"

* * *

नव्हतं सांगितलं. पटेलसाहेब यायच्या तीन दिवस आधी मी मनाचा हिय्या केला आणि काकांना सकाळी पोहे खायला नेलं. विचार असा, की गरम पोहे, वर शेव, जीरावनचा मसाला, बाजूला जिलेबी, आणि बोलता बोलता सांगून टाकू.

पहिली प्लेट संपली. मी घसा साफ केला. काकाच बोलायला लागले.

"आमच्या मिलमध्ये एकदा नव्या लूम आल्या. एका माणसाने आठ सांभाळायच्या, म्हणजे बाकीचे रिकामे. त्या बसवायला कुणाला सांगितलं? मला! आणि रिकामे होणार कोण? माझ्याच खात्यातली पोरं."

"मग तुम्ही काय केलंत?"

"बसवल्या. मन लावून बसवल्या. काही लोक म्हणाले, रघुभाऊ, एखादा बोल्ट ढिला ठेव ना. मी म्हटलं, भिया, अर्ध्या मनाने बसवलेली मशीन कुणाचंतरी बोट खाते."

मी दुसरी प्लेट मागवली. पोटात जागा नव्हती, पण हातांना काम हवं होतं.

"त्या पोरांना सांगितलं कुणी?" मी विचारलं.

"कुणीच नाही. गरज काय? लूमखात्यात आवाजाने कोण बोलतं? त्या खडखडाटात काही ऐकू येत नाही. आम्ही सगळे ओठ बघून बोलायचो. या टोकाला मुकादम साहेबाशी बोलला की त्या टोकाच्या माणसाला कळायचं." काकांनी जिलेबी मोडली. "काचेच्या पलीकडूनपण कळतं."

माझा चमचा हातातच राहिला. काचेची केबिन. बंद दार. बाकावरचे काका, आमच्याकडे लागलेली त्यांची नजर. पहिल्या दिवसापासून त्यांना माहीत होतं, आणि ते रोज खिशात फ्लॉपी घालून लूनाला किक मारत होते!

मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं. काका म्हणाले, "खा, खा. थंडे पोहे चांगले नाही लागत."

मी खाल्ले. न सांगताच परत आलो.

* * *

आता शेवटचा.

आदल्या दिवशी काका गौतमपुऱ्याला गेले आणि कोल्ड स्टोरेजच्या कॉम्प्युटरवर पांढरी टाकून तिथेच राहिले. सकाळी अकराला पटेलसाहेब आमच्या माडीवर आले. पांढरं धोतर, पायात बूट. केबिनबाहेर बूट काढायला सांगितल्यावर खूश झाले. म्हणाले, "ये अच्छा है. मंदिर जैसा."

बसल्या बसल्या त्यांनी घड्याळ काढून टेबलावर ठेवलं. "देखो भिया, आलू बोलता नी है. सड़ना होता है तो चुपचाप सड़ जाता है. कंप्यूटर बंद तो गेट पास बंद, गेट पास बंद तो आलू अंदर और किसान की ट्रॉली बाहर. मैंने अपने ऑपरेटर से कहके मशीन में एक गड़बड़ करवा रखी है. गेट पास निकल नी रिया. आधे घंटे में यहीं बैठे निकालके दिखाओ. चारों गोदाम तुम्हारे."

मिलिंदने फोन जोडला. मोडेम किंचाळला. मी कान देऊन ऐकलं, पण मला काय कळणार? नाही लागली. दुसऱ्यांदा जोडला. नाही लागली. बारा मिनिटं गेली. 'सोड, नाही लागणार' म्हणणारा माणूस त्या टोकाला बसला होता, आणि लाइन एकच, त्यामुळे त्याला विचारायचीही सोय नव्हती.

तिसऱ्यांदा लागली. स्क्रीन ओळ ओळ उतरायला लागली. पटेलसाहेब खुर्ची पुढे ओढून बसले. मिलिंदने स्क्रीनवरच्या खिडक्या एकेक करून उघडल्या. ऑपरेटरने प्रिंटरचं नावच बदलून ठेवलं होतं. मिलिंदने ते दुरुस्त केलं आणि प्रिंटचं बटण दाबलं. आम्ही तिघे स्क्रीनकडे बघत राहिलो. पास तिकडे निघाला की नाही, हे इथून कसं कळणार?

तेवढ्यात स्क्रीनवर बाण आपोआप हलला. आमचा माउस कुणीच धरला नव्हता. एक कोरं पान उघडलं, आणि त्यावर एकेक अक्षर उमटायला लागलं. इंग्रजी अक्षरांत मराठी. एका बोटाने टाइप करणारा माणूस मला लगेच ओळखू आला.

'पास निघाला. मशीन चांगली बसली.'

पटेलसाहेबांची इंग्रजी अक्षरांशी ओळख गाडीच्या नंबर प्लेटपुरती. मी त्यांना सांगितलं, "निकल गया, साब!" ते हसले. त्यांनी खिशातून कराराचा कागद आणि पेन काढलं.

अक्षरं थांबली नव्हती.

'अवी, उद्यापासून मी येणार नाही. तुला सांगायचा त्रास नको. पोहे नीट खात जा.'

माझ्या डोळ्यांसमोरची स्क्रीन पुसट झाली. मिलिंद ताठ बसला होता. त्याने कीबोर्ड ओढला आणि ती ओळ शेवटच्या अक्षरापासून मागे मागे पुसून टाकली. तिथे टाइप केलं, 'उद्या नऊ वाजता या.'

ती ओळ पुसली गेली. परत एका बोटाने, 'येणार नाही.'

मिलिंदने पुसलं. 'नऊ वाजता.'

तिकडून पुसलं. 'नाही.'

मिलिंदने माउस धरला, बाण डावीकडे नेला. बाण हिसडा मारून उजवीकडे. दोघांपैकी एकही सोडायला तयार नाही. पटेलसाहेब आ वासून बघत होते.

"ये क्या हो रिया है?"

"टेस्टिंग है, साब," मी कसंबसं म्हटलं. "दोनों तरफ से चलता है."

"वा!" पटेलसाहेबांनी पेनाचं टोपण काढलं.

आणि स्क्रीन थिजली. कनेक्शन तुटल्याची पाटी आली. पेन हवेतच राहिलं. चार गोदामं, ऑफिस, सगळं त्या एका पाटीवर!

"अभी तो चल रिया था!"

मी 'बस, हो गया समझो' म्हणायला तोंड उघडलं. त्याआधी मिलिंद बोलला, अगदी शांत.

"गौतमपुरे की लाइन है, साब. कभी भी टूट जाती है. सॉफ्टवेअर कितना भी अच्छा लो, लाइन समझनेवाला एक आदमी रखना ही पड़ता है."

पटेलसाहेबांनी त्याच्याकडे रोखून पाहिलं. "है तुम्हारे पास?"

"है. अभी आपके वहीं बैठा है."

पटेलसाहेबांनी कराराचा कागद मिलिंदपुढे सरकवला. "तो उसका नाम डालो इसमें. आलू मैं आदमी के भरोसे रखूँगा, डब्बे के भरोसे नी."

मिलिंदने उजव्या हाताने, सुवाच्य अक्षरात, काकांचं पूर्ण नाव लिहिलं. पटेलसाहेबांनी सही केली, बूट घातले, जिना उतरले.

काकांना सांगायला मी परत फोन जोडायला धावलो, वायर बघायला मोडेमच्या मागे वाकलो. फोनची वायर मोडेममध्ये नव्हती. ती टेबलाखाली होती, मिलिंदच्या डाव्या मुठीत.